मदत हवी आहे: आईच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका

नमस्कार मंडळी. आई साताऱ्यात एकटी राहते, फोन अँड्रॉइड १३ चा. परवा व्हिडिओ कॉल संपल्यावर बऱ्याच वेळानं तिला स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. कॅमेरा किंवा माइक चालू असला की तो दिसतो, एवढं मला माहीत आहे. पण अँड्रॉइड ९ पासून बॅकग्राउंडला गेलेल्या (स्क्रीनवर उघडं नसलेल्या) अ‍ॅपला कॅमेरा वापरता येत नाही ना? मग ठिपका कशाचा?

मागच्या महिन्यात तिनं सणाच्या शुभेच्छांवर स्वतःचा चेहरा लावून देणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. त्याला कॅमेरा, फोटो, संपर्क, सगळ्याची परवानगी दिलेली! मी फोनवरून सांगून ते काढायला लावलं. पण तिचे आणि नातवंडांचे फोटो आधीच त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे गेलेत, त्याची धास्ती वाटते. पासवर्ड बदलता येतो, चेहरा कसा बदलणार?

प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये (कोणत्या अ‍ॅपनं कॅमेरा, माइक कधी वापरला ते दाखवणारं सेटिंग) आम्हाला फक्त गेल्या २४ तासांचा कॅमेरा-वापर दिसला, आणि आम्ही पाहिलं तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. त्याआधीचं कुठे सापडेल का?

आणि गेलेले फोटो पुसून टाका असं त्या कंपनीला कसं लिहायचं? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा आधार आत्ता घेता येतो का? कुणी असं पत्र पाठवलं असेल तर मजकूर द्याल का?

फेस अनलॉक मी बंद करायला सांगितलंय, साध्या फोनमध्ये फोटो दाखवूनही तो उघडू शकतो म्हणून. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करू का? तिला दर महिन्याला रेशन घ्यायचं असतं, तिथे अडायला नको.