मदत हवी आहे : बीसी५४७ ट्रान्झिस्टर पूर्ण 'ऑन' होत नाही

गच्चीवरच्या टाकीसाठी पंप आपोआप बंद करणारं सर्किट करतोय. नोडएमसीयूची (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ३.३ व्होल्टची आउटपुट पिन, २२ किलोओहमचा रेझिस्टर, मग बीसी५४७चा (एनपीएन प्रकार) बेस, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय. एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला १२ व्होल्टचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच, कॉइल ४०० ओहम), त्यावर उलटा डायोड.

आधी रिले एमिटरच्या बाजूला लावण्याचा शहाणपणा केला होता. तिथे जेमतेम २.६ व्होल्ट मिळाले. बेसपेक्षा ०.७ कमी, म्हणजे चूक माझीच.

आता कलेक्टर-एमिटरमध्ये ४ व्होल्ट दिसतात, कॉइलला ८च. रिले कधी ओढतो, कधी नुसता थरथरतो. हिशेब केला: बेसमध्ये ०.१२ मिलिअँपिअर, कलेक्टरमध्ये २०. म्हणजे गेन (कलेक्टरचा करंट बेसच्या किती पट) साधारण १७० आणि ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण 'ऑन' स्थितीत, जातच नाही, बरोबर ना? १ किलोओहम लावला तर बेसला २.६ मिलिअँपिअर मिळतील. पिनला झेपेल ना?

दुसरं, रिले ग्राउंडला ठेवून वरच्या (१२ व्होल्टच्या) बाजूला बीसी५५७ (पीएनपी, म्हणजे बेस एमिटरपेक्षा खाली ओढला की चालू होणारा ट्रान्झिस्टर) लावून पाहिला, तर तो बंदच होईना. पिन ३.३च्या वर जात नाही आणि एमिटर १२वर, हेच कारण असावं. मध्ये आणखी एक एनपीएन घालावा का? कोणी असं जोडलं असेल तर रेझिस्टरच्या किमती सांगा.