एक्झिट अडवलं तरी दुसरी फेरी बाकी असते
सी भाषेतलं कमांडलाइन टूल (टर्मिनलवर आज्ञा देऊन चालवायचा प्रोग्रॅम) ॲपच्या आत चालवायला एक युक्ती सांगतात: त्याच्या 'मेन'चं, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनचं, नाव बदलून ते साध्या फंक्शनसारखं बोलवा, प्रोग्रॅम बंद करणाऱ्या 'एक्झिट'ला लाँगजंपने (आधी खूण केलेल्या जागी थेट परत उडी मारून) अडवा, की टूल ॲपच्याच प्रोसेसमध्ये चालतं. एक्झिट अडवायलाच हवं, नाहीतर टूलसोबत आख्खं ॲप बंद पडतं. पण खरा त्रास तेच टूल दुसऱ्यांदा चालवताना होतो. बाणेरच्या ऑफिसात आम्ही एक जुनं सी टूल लिनक्सवरच्या ॲपमध्ये असंच बसवलं होतं. पहिली फाइल व्यवस्थित निघायची. दुसऱ्या वेळी ऑप्शन जणू दिलेच नाहीत! दोन दिवस डोकं फोडल्यावर सापडलं: कमांडलाइनवरचे ऑप्शन वाचणाऱ्या 'गेटऑप्ट' फंक्शनचा 'ऑप्टइंड' हा ग्लोबल काउंटर (पुढे कितवा शब्द वाचायचा ते सांगणारा) 1 पासून सुरू होतो आणि पहिल्या फेरीनंतर पुढेच अडकून राहतो. वेगळी प्रोसेस असती तर ती संपताना कर्नलनेच सगळं झाडून नेलं असतं. ग्लिबसीवर (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) प्रत्येक फेरीआधी ऑप्टइंड 0 करा, 1 नाही. म्हणजे गेटऑप्टच्या आतली लपलेली अवस्थाही नव्याने सुरू होते. मॅकवर मात्र ऑप्टइंड 1 करून 'ऑप्टरीसेट' हा दुसरा ग्लोबलही 1 करावा लागतो.

आणि टूल आत 'सीएचडिर' करतं का, म्हणजे चालू फोल्डर बदलतं का, ते आधी बघा. चालू फोल्डर सहसा एका थ्रेडचा (प्रोसेसमधल्या एका कामाच्या धाग्याचा) नसतो, अख्ख्या प्रोसेसचा असतो, म्हणून टूलने तो बदलला की ॲपचाही बदलतो. आमच्या वापरकर्त्यांच्या फाइली त्यामुळे भलत्याच ठिकाणी सेव्ह झाल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.