मदत हवी आहे: कोकोपेली ट्रेलवर पाणी कुठे मिळतं?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी कोलोरॅडोतल्या लोमापासून युटातल्या मोआबपर्यंत कोकोपेली ट्रेल सायकलने करणार आहोत. साधारण २२५ किलोमीटर, बराचसा सरकारी जमिनीवरून. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेत झालेल्या एक्सप्लोर कायद्यात किमान ८० मैलांचे सायकलमार्ग निवडून त्यांच्या नकाशा-फलकांची तरतूद केली आहे, ते वाचून फार आनंद झाला. पण आमची अडचण पाण्याची. सगळा कोरडा मुलूख, आणि कोलोरॅडो नदीच्या गाळाने फिल्टर तुंबतो म्हणतात. ड्यूई ब्रिजपर्यंत तुम्ही पाणी कसं पुरवलंत? आधीच गाडीने नेऊन ठेवलं होतं का? ला साल डोंगरांचा चढ सुरू होण्याआधी मुक्काम कुठे करावा? कुणी हा मार्ग केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.