युरोपात ज्यू म्हणजे सावकार, असं काऊन झालं?

कपाशीवाला (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. खेड्यात राहून बाहेरून इतिहासात एम.ए. करतोय. मध्ययुगीन युरोप वाचताना एका ठिकाणी अडलो. चर्च म्हणतं ज्यूंना मारू नका, आणि तरी त्यांच्यावर सारखे हल्ले. गाईडात एकच ओळ आहे: 'ज्यू सावकारी करत म्हणून लोक चिडत.' आबांना वाचून दाखवली तर म्हणाले, "मंग बराबर हाय, सावकारावर कोन खुश राह्यते?" एवढंच आहे का हे?

खारपाणपट्टा
आबाचा राग मले समजते बावा. माह्या आजानं बियाण्यासाठी सवाईनं ज्वारी उचलली, पाऊस दगा देऊन गेला, आन् विहिरीजवळचं वावर खरेदीखतानं गेलं. 'पैसे आले की पलटवून देतो' हे तोंडी. कागदावर निव्वळ विक्री. तवा सावकाराची वकिली कराले मी बसलो नाई. पण गाईडातली ओळ अर्धी हाय.

सारे ज्यू सावकार नव्हते. वैद्य होते, रंगारी होते, व्यापारी होते. पण इंग्लंड, जर्मनीकडे जमीन सरंजामदाराच्या हाती आन् कारागिरांचे संघ ख्रिस्ती, तिथं ज्यूले जागा नाई. दुसऱ्या अंगानं ११७९ च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेनं ठरवलं, उघड व्याज घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाले ख्रिस्ती दफन मिळणार नाई. कर्ज त सगळ्यायले लागे, मठ बांधणाऱ्यायलेही. मंग व्याजाच्या गादीवर कोण बसन?

आता राजाचं पाहा. इंग्लंडात ज्यू राजाच्या मालकीचे समजत. ११८६ मध्ये लिंकनचा आरॉन वारला, तवा राजानं त्याची मालमत्ताच नाई, लोकांकडे असलेली येणीही ताब्यात घेतली. वसुलीसाठी वेगळं खातं उघडलं! म्हणजे गादीवर ज्यू, आन् मागच्या दारानं हिस्सा राजाचा. शेतकऱ्याले दिसे फक्त समोरचा.

११९० मध्ये यॉर्कले ज्यूंनी किल्ल्याच्या मनोऱ्यात आसरा घेतला. बाहेर जमावानं घेरलं, आत बहुतेकांनी स्वतःच जीव दिला, उरलेले बाहेर आले ते कापले गेले. जमाव तिथून सरळ कॅथेड्रलात, म्हणजे मोठ्या चर्चात गेला आन् तिथं ठेवलेले कर्जरोखे जाळले. पुढाऱ्यांत कर्जदार होते. १८७५ ले पुण्याकडच्या सुप्यात आपल्या शेतकऱ्यायनंही सावकाराचे रोखे जाळलेच, पण तिथं राग बहुतेक कागदावर निघाला, माणसं मारली गेली नाईत. हा फरक मले लहान वाटत नाई.

कपाशीवाला
सर, मग ज्यूंना हाकलल्यावर व्याज थांबलं का?

खारपाणपट्टा
कायचं थांबते! इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्यानं १२७५ ले ज्यूंचं व्याज बंद केलं, १२९० ले देशाबाहेर काढलं. इटालियन बँकवाले आधीपासून होतेच, ते देत राह्यले. ज्यू परत उघडपणे राहाले लागले १६५६ च्या सुमारास. मधल्या साडेतीनशे वर्षांत बहुतेक इंग्रजांनी ज्यू डोळ्यानं पाह्यला नसन, पण नाटकात, गोष्टीत तो लोभी म्हातारा ठाण मांडून होता.

वणीची वाचक
दादा, पैशाच्या बाजूनं सगळं सुटत नाही. इंग्लंडातल्या नॉर्विचला ११४४ मध्ये एक मुलगा मेला आणि पुढं ज्यूंनी त्याचा धर्मासाठी बळी घेतला अशी कहाणी रचली गेली. त्यात कर्ज कुठं होतं? मुळात चर्चचा जुना विचारवंत संत ऑगस्टीन, त्याचा विचार असा की ज्यूंना मारू नका, पण पांगलेले, दबलेले राहू द्या, म्हणजे ते आमच्या धर्मग्रंथाचे साक्षीदार राहतील. जीवदान आणि अपमान एकाच वाक्यात. कपाशीवाल्याला जे उलटसुलट वाटतं त्याचं मूळ मला इथं दिसतं. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं त्यांना वेगळा पोशाख लावला तो याच विचारातून.

प्लेगच्या वेळी विहिरीत विष टाकल्याचा आळ आला. पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४८ मध्येच लिहिलं की ज्यूही याच रोगानं मरताहेत. कोणी ऐकतं? फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूंना जाळलं, तेव्हा प्लेग त्या गावात पोचलाही नव्हता. वर त्यांची येणी रद्द झाली. आणि पोपविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर! १५२३ मध्ये लिहितो, ज्यूंशी प्रेमानं वागा. ते धर्म बदलत नाहीत म्हटल्यावर १५४३ मध्ये सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, जाळायला सांगतो. त्याचं प्रेमही अटीवरचं होतं.

नागपूरकर_७
काहीही म्हणा, पैशाची अक्कल त्यांच्या रक्तातच आहे. कौतुकानं म्हणतोय हो.

खारपाणपट्टा
कौतुक असो का शिवी, साचा तोच हाय भाऊ. रक्तात असती त आपल्या कोकणात रायगडाकडं बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकायनं तेलाचे घाणे काऊन हाकले असते? शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. पुढं इंग्रजांच्या पलटणीत गेले, मुंबईत नोकऱ्या धरल्या. धर्म तोच, शनिवार तोच, पण व्याजाच्या गादीवर बसवणारा राजा तिथं भेटला नाई.

ताई, नॉर्विचचं मान्य. ऑगस्टीनवर उद्या सावकाश लिहितो. आज थ्री फेज रात्रीची हाय, हरभऱ्याले पाणी सोडाचं हाय.