वेगळं पेडल ठेवू की स्टँडवरचा हायहॅट घेऊ? मॉड्यूल टीडी-१७, मजला लाकडी

दांडियाबाजार_डग्गा:

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरात्रीत एका गरबा ग्रुपबरोबर ऑक्टापॅड वाजवते, गणपतीत मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांना ड्रम्स. घरच्या रियाजासाठी दिवाळीनंतर एक जुनं इलेक्ट्रॉनिक किट घेतलं. मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारा डबा, रोलँडचं टीडी-१७. ड्रम्सची पॅड जाळीची आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. अडलंय ते हायहॅटपाशी, म्हणजे पायाच्या पेडलने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीपाशी.

विकणाऱ्याने मूळचा हायहॅट स्वतःकडे ठेवून घेतला आणि मला झांजेचं एक रबरी पॅड आणि वेगळं पेडल जोडून दिलं. पेडलवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. पॅड दांडीला घट्ट आवळलेलं आहे, ते हलत नाही. उघडं की बंद ते पेडलच ठरवतं. पूर्ण बंद येतं, पूर्ण उघडं येतं, मधलं काहीच येत नाही. पाय कितीही हळू उचलला तरी 'चिक'चा एकदम 'छ्श्श' होतो.

हे मला इतकं का खुपतं ते सांगते. मी आधी तबला शिकले, बाबांकडून. डग्ग्यावर 'घे' वाजवायचा आणि मनगट मैदानावरून शाईकडे सरकवत न्यायचं. तोच आवाज दबत दबत वर चढतो. बाबा अर्धा-अर्धा तास एवढंच करून घ्यायचे. उजव्या हाताने एक बोल नाही, नुसतं डावं मनगट. कातडं ताणलं जातंय हे कानाच्या आधी हाताला कळायला लागतं. ड्रम्सवर आले तेव्हा तीच जागा मला हायहॅटमध्ये सापडली. काठी एकसारखी पडत असते आणि डावा पाय दाब बदलत राहतो. साध्या किटवर दोन्ही झांजा एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असताना जो सळसळता आवाज निघतो, तो मला हींच हा गरब्याचा ठेका वाजवताना लागतोच. सहा मात्रांतल्या पहिल्या तीन किंचित उघड्या, चौथीला पायाने बंद. घरी ते होतच नाही, आणि पाय आळसावत चाललाय.

दुसरी अडचण मजल्याची. सागवानी तुळया आणि वर फळ्या, बस. खाली माझ्या चुलत सासूबाई राहतात, आम्ही काकी म्हणतो, वय ८१. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण परवा दुपारी मी खाली गेले तेव्हा वर मुलगी वाजवत होती, आणि काकींच्या फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं ठोक्या-ठोक्याला किणकिणत होती. काकी कुशीवर वळून डोळे मिटून पडल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

तीस हजार बाजूला काढले आहेत. चांगलं पेडल घेऊ, रोलँडच्या एफडी-९सारखं, की त्यांचाच स्टँडवर बसणारा हायहॅट, व्हीएच-१०? आणि लाकडी मजल्यावर दोन्हींतलं कमी काय वाजेल? दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, प्लीज.

मांजलपूर_स्टिक्स:

ताई, खरेदीच्या आधी एक मोजमाप करा, दहा मिनिटांचं काम आहे.

वेगळ्या पेडलमध्ये तुमचा पाय झांज हलवतच नाही, तो फक्त एक आकडा बदलतो. एफडी-८सारख्या पेडलच्या आत रबराचा तुकडा आणि त्याखाली कार्बनचा पट्टा असतो. पाय दाबला की रबर पट्ट्यावर जास्त जागा व्यापतं, विजेचा रोध बदलतो, आणि झांज किती उघडी ते मॉड्यूल त्यावरून ठरवतं. हा रोध प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने ठेवते. भलतंच पेडल लावलं की बहुतेक वेळा दोन्ही टोकं जुळतात आणि मधला सगळा भाग हातचा जातो. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला हेच वाटतं, पण रबर झिजलं असेल तरी असंच होतं.

टीडी-१७ यूएसबीने संगणकाला जोडा. मिडी संदेश, म्हणजे मॉड्यूल संगणकाला पाठवतं ते आकडे, दाखवणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर चालेल. त्यात कंट्रोल चेंज ४ बघा. हायहॅटचं पेडल त्याच नंबरावर बोलतं. पाय अगदी सावकाश, मनात वीस मोजत दाबा. आकडा पायरी-पायरीने चढला पाहिजे. तो नीट चढतोय आणि आवाज मात्र उडी मारतोय, तर मॉड्यूलमध्ये हायहॅटचा प्रकार चुकीचा निवडलेला असेल; पैसे न घालवता काम होईल. आकडाच उडी मारत असेल तर पेडल गेलं समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न. डग्ग्याचं वाचलं म्हणून सांगतो, तुम्हाला व्हीएच-१०च लागणार. १२ इंची एकच झांज आहे. साध्या हायहॅट स्टँडवर जिथे खालची झांज ठेवतो तिथे सेन्सरचा डबा बसतो, ती झांज क्लचने दांड्याला लटकते. पेडल दाबलं की झांज खरोखर खाली येते आणि सेन्सरवर दाब देते. पायाला स्प्रिंगचा ताण लागतो, काठीखाली झांज डुलते, म्हणजे तुम्ही म्हणता तसं कानाच्या आधी पायाला कळतं. वेगळ्या पेडलवर बोटांच्या नेमक्या कुठल्या दाबाला अर्धा उघडा आवाज येतो ते पाठ करावं लागतं. होतं पाठ, पण साध्या किटवर बसलात की ते कामाला येत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. दोन धातूंच्या झांजा एकमेकींवर घासतात तो कंप पायाला यात मिळणार नाही, कारण खाली दुसरी झांजच नाही. आवाज येतो, स्पर्श थोडा कमी. दोन झांजांचा व्हीएच-१४डी पाहून मन वळवू नका. तो यूएसबीने जोडतात आणि टीडी-१७चं यूएसबी संगणकासाठी आहे, झांजेसाठी तसं तोंड नाही.

बसवताना घाई करू नका, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. क्लचचा स्क्रू पूर्ण ढिला करा, झांज सेन्सरवर स्वतःच्या वजनाने टेकू द्या, पेडलवर पाय नको. त्या स्थितीत मॉड्यूलमध्ये ऑफसेट लावून घ्या, म्हणजे झांज कुठे टेकते ते मॉड्यूलला कळतं. त्यानंतर झांज हवी तेवढी उचलून क्लच आवळा. माझ्या एका विद्यार्थ्याने आधी क्लच आवळला आणि मग ऑफसेट लावला. महिनाभर त्याचा हायहॅट कधी पूर्ण बंदच होईना आणि बिचारा स्वतःच्या पायाला दोष देत राहिला. दोन्ही वायरी लागतात, एक झांजेची, एक कंट्रोलची. टीडी-१७च्या जाड केबलवर एचएच आणि एचएचसी अशा खुणा आहेत, त्या पाहून लावा.

स्टँड बरोबर येत नाही, तो वेगळा धरा. पाय फिरवता येणारा घ्या, नाहीतर किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलला अडतो. दुकानात झांज आणि स्टँड दोन्हींचा भाव एकत्र विचारा, म्हणजे तीस हजारात किती बसतं ते कळेल. माझ्या क्लासमध्ये व्हीएच-१० आहे. रविवारी चारनंतर या, तासभर वाजवा, मग ठरवा.

रावपुरा_७०:

खाली जाड गोधडी घाला. आमच्याकडे शिलाई मशीनखाली घालायचो.

वाघोडिया_रोड_नोटेशन:

काका, शिलाई मशीनला गोधडी पुरते, याला नाही. गोधडीने वरच्या खोलीतला टकटकाट कमी होतो. पायाचा धक्का ती दाबून तसाच फळीत उतरवते. धक्का हवेतून जात नाही, लाकडातून जातो, म्हणून काकींची झाकणं वाजतात. त्याला खाली काहीतरी लवचिक हवं.

ताई, मी बडोद्याच्या वाडी भागात असाच लाकडी मजल्यावर सहा वर्षं राहिलो आहे. उपाय टेनिस बॉलचा. १८ मिलिमीटरच्या प्लायच्या दोन फळ्या करून घ्या, किक आणि हायहॅट दोन्ही मावतील एवढ्या. सुताराला चेंडूपेक्षा लहान गोल भोकं पाडायला सांगा, वरच्या फळीची खालच्या फळीच्या भोकांच्या नेमकी समोर. मधे चेंडू ठेवले की ते भोकांत अर्धवट बसतात आणि वरची फळी तरंगत राहते. चेंडू खरे टेनिसचे, पोकळ हवेत. पोलो ग्राउंडवर पोरं क्रिकेट खेळतात ते जड चेंडू घेऊ नका, ते दबतच नाहीत. टेनिस शिकवणाऱ्यांकडे वापरून टाकलेले मिळतात, आमच्या कामाला तेच बरे.

व्हीएच-१० आणि एफडी-९ यांत मी एफडी-९वर राहिलो आहे, पण माझं कारण वेगळं. मी गरब्याला एसपीडी-३० ऑक्टापॅड नेतो, त्याच्या मागे हायहॅट पेडलचं तोंड आहे. एका पिशवीत पेडल, एका पिशवीत ऑक्टापॅड, स्कूटरवर निघालो. नऊ रात्री स्टँड कोण वाहणार? आवाजाचं म्हणाल तर एफडी-८पेक्षा एफडी-९ पुष्कळ शांत, तो काढलाच त्यासाठी. घरात बसून शिकायचं, मुलीलाही शिकवायचं, तर मांजलपूरवाले म्हणतात ते बरोबर आहे.

दांडियाबाजार_डग्गा:

दोघांचे मनापासून आभार. काका, तुमचेही.

मोजलं. माझ्या पेडलचा आकडा ० वर बसून राहतो, पाय निम्म्याच्या खाली गेला की थेट ८६, आणि मग १२७. मधे काही नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. मग ग्रुपमधल्या एकाचं एफडी-८ आणून लावलं, मॉड्यूलमध्ये प्रकार बदलला, आणि आकडे एकामागून एक चढायला लागले. खरं सांगते, ते आकडे चढताना बघून डोळ्यांत पाणी आलं. चार महिने मला वाटत होतं की माझ्या पायातच आता ते राहिलं नाही.

एफडी-८वर हींच वाजवून पाहिला. अर्धा उघडा आवाज आला, पण झांज जागची हलत नाही म्हणून डोळे मिटून वाजवताना पाय चुकतो. रविवारी मांजलपूरला येऊन व्हीएच-१० वाजवला. दुसऱ्या आवर्तनात पायाला जागा सापडली. स्प्रिंग मी थोडी सैल करून घेतली, मग मनगट सरकवल्यासारखंच लागलं. झांज आणि स्टँड मिळून बजेटच्या थोडं वर जातंय, नवरात्रीच्या मानधनातून भर घालीन. व्हीएच-१० बुक केला.

फळीही झाली, सुताराने दोन दिवसांत दिली. २४ चेंडू बसवले. मुलीला खाली काकींच्या फडताळासमोर बसवलं आणि मी वर किक आणि हायहॅट वाजवला. छोटे डबे एकही वाजत नाहीत. तांदळाच्या मोठ्या डब्याचं झाकण मात्र अजून किणकिणतं. चेंडू वाढवू का?

वाघोडिया_रोड_नोटेशन:

तुम्ही बसलेल्या असताना चेंडू बघा. पार चपटे होत असतील तर वाढवा. गोलाई शिल्लक असेल तर वाढवू नका, उलट फळी कडक होईल आणि धक्का जास्त जाईल. आणि वरची फळी कुठे भिंतीला टेकली आहे का ते आधी बघा. एक कोपरा जरी टेकला तरी सगळा ठोका भिंतीवाटे खाली उतरतो.

दांडियाबाजार_डग्गा:

मागचा कोपरा टेकला होता, खिडकीखाली. दोन बोटं पुढे ओढली आणि मुलीला पुन्हा खाली पाठवलं. तांदळाचा डबाही वाजत नाही. काकी म्हणाल्या, दुपारी तीननंतर वाजवत जा, मी तेव्हा जागीच असते.