आठ जीबीच्या लॅपटॉपवाल्यांनी प्रोग्रामिंग करूच नये का?

रानपाखरू
परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'जुना जावावाला' यांनी लिहिलं, "ज्याला आयडीई जड वाटते त्याने मशीन बदलावं, नाहीतर क्षेत्र बदलावं." (आयडीई म्हणजे कोड लिहिणं, तपासणं, चालवणं एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर.) याला दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

मी नांदेडला मुलामुलींना अँड्रॉइड शिकवते. बहुतेकांचे लॅपटॉप आठ जीबी रॅमचे, तेही भावाबहिणींत वाटून वापरलेले. अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइडची आयडीई) उघडला की खाली इंडेक्सिंगची, म्हणजे सगळ्या कोडची सूची बनवण्याची, पट्टी सरकत राहते आणि ती संपेपर्यंत ऑटोकम्प्लीट धड चालत नाही. बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बनवणं) लावला की ते काम करणाऱ्या ग्रेडलचा डीमन (मागे चालू राहणारा प्रोग्रॅम) एक जेव्हीएम (जावा चालवणारी, रॅम खाणारी यंत्रणा) अडवतो, कोटलिन भाषेचा डीमन दुसरी, आयडीई स्वतः तिसरी. वर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन. पहिल्या सिंकला (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररी आणताना) शेकडो एमबी उतरतात आणि पोरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतात.

जडपणा एक वेळ सोसेन. माझा खरा राग वेगळा आहे. कोड बरोबर असतो, बिल्डही होतो, आणि एडिटरमध्ये मात्र सगळं लाल, म्हणजे चूक म्हणून दाखवलेलं. उपाय काय, तर 'इनव्हॅलिडेट कॅशेस' (साठवलेली जुनी माहिती टाकून देणं) करून रीस्टार्ट. तुम्हाला अनुभवाने कळतं की हे लाल खोटं आहे. नवख्या पोरीला कसं कळणार? ती चालणारा कोड खोडून बसते. स्वतःची चूक कोणती आणि आयडीईची कोणती हे ओळखायला ती अजून शिकलेली नसते, आणि नेमकी तेव्हाच आयडीई तिला खोटं सांगते.

जुना जावावाला
ते वाक्य नोकरी करणाऱ्यांसाठी होतं, विद्यार्थ्यांना ओढू नका.

मी आयडीई नसतानाही जावा लिहिलंय. एका बँकेच्या प्रकल्पात मेथडचं नाव बदलायला आम्ही सगळ्या फायलींवर शोधा-आणि-बदला चालवलं. भलत्याच क्लासमधली त्याच नावाची मेथडही बदलली आणि ते प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर, गेलं. ती रात्र कुणी जागून काढली ते मला विचारा. आज आयडीईत नाव बदललं की नेमकी तीच मेथड बदलते, कारण कुठे काय वापरलंय हे तिला माहीत असतं. त्यासाठी इंडेक्स लागतो आणि इंडेक्सला रॅम लागते. फुकटात काही मिळत नाही.

काळी खिडकी
मिळतं की. व्हीएस कोड हा हलका एडिटर घ्या आणि बिल्ड टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) मेव्हन या बिल्डच्या साधनाने करा. चूक दिसली तर ती कंपायलरने (कोड चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमने) सांगितलेली असते. एक्लिप्स या जावाच्या आयडीईचा तर कंपायलरच वेगळा आहे. जेनेरिक्सचा (जावातल्या टाइपच्या एका किचकट सोयीचा) एखादा कोड तिथे बिनतक्रार चालतो आणि सर्व्हरवर जावासी या जावाच्या मूळ कंपायलरने बिल्ड करताना पडतो. मग "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणत बसायचं.

जुना जावावाला
@काळी खिडकी, व्हीएस कोडमध्ये जावाचं ते नेहमीचं एक्स्टेंशन टाकलंत ना? त्याच्या पोटात एक्लिप्सचाच जेडीटी लँग्वेज सर्व्हर (कोड समजून घेऊन चुका दाखवणारा प्रोग्रॅम) आहे, स्वतःची जेव्हीएम घेऊन. टास्क मॅनेजर उघडा आणि मग फुकटाच्या गोष्टी करा.

काळी खिडकी
उघडला. जेव्हीएम आहे, मान्य. पण बिल्ड मी टर्मिनलमध्येच करतो, त्यामुळे माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

हिंजवडी फेज तीन
रॅमबिम सोडा. माझ्याकडे ३२ जीबीचं मशीन आहे, तरी एक बिल्ड संपेपर्यंत चहा पिऊन होतो. कारण अँटिव्हायरस! बिल्डमध्ये हजारो बारीक फायली लिहिल्या जातात आणि हा प्रत्येक फाइल तपासतो. प्रोजेक्टचं फोल्डर तेवढं वगळायचं असतं, अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःच तसं सुचवतो. पण आम्हाला अ‍ॅडमिनचे हक्क नाहीत. तिकीट टाकलं, 'सुरक्षा धोरणात बसत नाही' म्हणून बंद केलं. परत टाकलं, परत बंद. आणि अप्रेझलला मॅनेजर म्हणतो वेग वाढवा. यावर कुणी धागा का काढत नाही?

टीवाय कॉम्प
तुम्हाला निदान आयडीई तरी मिळते. आम्हाला पहिल्या वर्षी टर्बो सी++ हे डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर होतं, डॉसबॉक्समधली (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली) निळी स्क्रीन. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर चाललेला प्रोग्रॅम प्रॅक्टिकलला जसाच्या तसा लिहिला. आयओस्ट्रीमपुढे टर्बोला लागणारं डॉट एच नाही, म्हणून कंपाइलच होईना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "क्लिअर स्क्रीन कुठाय? व्हॉइड मेन कुठाय?" टर्बोतल्या या सवयीच्या ओळी नाहीत म्हणून मार्क कापले.

प्रयोगशाळा
लॅब सांभाळतो म्हणून बोलतो. टर्बोला नावं ठेवणं सोपं आहे. भंगारात काढायच्या मशीनवरही झटकन उघडतं. नेट लागत नाही. फंक्शनवर कर्सर ठेवून मदत मागितली की उदाहरणासकट माहिती. कंट्रोल एफ९ ने रन, आल्ट एफ५ ने आउटपुट. याच घराण्यातलं टर्बो पास्कल अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलं, १९८३ साली आलं. एडिटर आणि कंपायलर मिळून चाळीस केबीच्या आत. रानपाखरूताई, तुम्हाला हवंय ते हेच. इथे चूक दाखवली तर ती चूकच असते.

टीवाय कॉम्प
चूकच असते? सर, टर्बोत इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) सोळा बिटांचा आहे, मोठा आकडा त्यात मावत नाही. फॅक्टोरियल सातपर्यंत बरोबर येतं आणि आठला ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ छापतं. एकही एरर नाही! आमच्या बॅचमधली पोरं लूप खोडून परत लिहीत बसली होती. सी++ चं पहिलं आयएसओ प्रमाणक १९९८ चं, टर्बो त्याच्याही आधीचं. आम्हाला शिकवलेली भाषा प्लेसमेंटला कुणी ओळखतसुद्धा नाही.

प्रयोगशाळा
आवाज खाली. सोळा बिटांचा इंट भाषेच्या नियमात बसतो. ते शिकवलं नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा.

टीवाय कॉम्प
शिकवणारे तुम्हीच ना?

प्रयोगशाळा
शिकवणारे प्राध्यापक वेगळे, मी सहायक. कोड ब्लॉक्स ही नवी आयडीई टाकू द्या म्हणून लेखी अर्ज मीच केला होता. उत्तर आलं, लॅब मॅन्युअल छापून झालंय, त्यातली आउटपुटं जुळायला हवीत. आता सांगा कुणावर ओरडायचं ते.

रानपाखरू
टर्बोचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या, पण जाता जाता एक. लूप खोडून परत लिहिणारी ती पोरं आणि माझ्या विद्यार्थिनी एकाच अडचणीत आहेत. जावावाले साहेब, यांच्यासाठी तुमच्याकडे "मशीन बदला"खेरीज काही आहे का?

जुना जावावाला
आहे. एम्युलेटर बंद, खरा फोन यूएसबीने लावा. एकदा सिंक झालं की ग्रेडल ऑफलाइन मोडवर टाका, डेटा वाचेल. नको ती प्लगइन्स बंद करा. आणि लाल रेघांवर शंका आली तर टर्मिनलमधून ग्रेडलचं असेम्बलडिबग (आयडीईला न विचारता बिल्ड करणारी आज्ञा) चालवायला पहिल्याच आठवड्यात शिकवा. तिथे बिल्ड झाला तर कोड खोडायचा नाही.

काळी खिडकी
म्हणजे शेवटी टर्मिनलच.

जुना जावावाला
शंका आली तर, असं लिहिलंय. नीट वाचा. नाव बदलायला मी आयडीईच वापरणार.

रानपाखरू
फोन आम्ही आधीपासून लावतो. ऑफलाइन मोड उद्याच्या बॅचला करून बघते. पण पहिल्या आठवड्यात टर्मिनल शिकवायचं, तर अभ्यासक्रमातलं काय गाळू तेही सांगा.