प्रॅक्टिकल शूटिंग: पहिल्या स्पर्धेत लगेच उतरावं की आधी हात बसवावा?

नवखा_नेम
पिस्तुलाचा सुरक्षा वर्ग झालाय, एका जागी उभं राहून कागदावर गोळ्या ठीक बसतात. आता आयपीएससी (प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीच्या स्पर्धेत उतरायचंय: पट्ट्यावरच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढा, मारा, पळा, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदला, पुन्हा मारा. माझं मत, पुढच्याच स्पर्धेत नाव घालावं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. जाणकारांचं काय म्हणणं?

जुनं_खोड
पाण्यात पडा हो, पण इथं शेजारच्याला घेऊन बुडता येतं. उभ्या जागी नेम लागणं वेगळं आणि भरलेलं पिस्तूल हातात धरून पळणं वेगळं. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळत मॅगझिन बदलतो तेव्हा काय होतं ते बघा. अंग डावीकडे वळलेलं, मॅगझिन बसवायला मनगटही डावीकडे वळतं, आणि नळी बघता बघता मागच्या लोकांकडे फिरते. नळीने समोरच्या दिशेपासून नव्वद अंशांची मर्यादा ओलांडली की तिथेच स्पर्धा संपली. पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर राहिलं, भरलेलं पिस्तूल हातातून पडलं, तरी तेच. आधी घरी रिकाम्या पिस्तुलाने हे सगळं अंगवळणी पडू द्या, मग नाव घाला.

टायमरवाला
पूर्ण असहमत. घरात एकट्याने केलेल्या सरावात बोट चापावर गेलं तर सांगणार कोण? स्पर्धेत रेंज ऑफिसर, म्हणजे सुरक्षेवर देखरेख करणारा अधिकारी, तुमच्या हाताशेजारी उभा असतो, त्याची नजर पिस्तुलावरून हलत नाही. पिस्तूल भरायचं त्याच्या हुकमावर, आणि शेवटी रिकामं करून दाखवायचंही त्याच्या हुकमावर. नवख्यासाठी याहून सुरक्षित जागा कुठली? ‘अजून तयारी नाही’ म्हणत बसलेले लोक वर्षानुवर्षं तयारच होत असतात.

जुनं_खोड
रेंज ऑफिसर नजर ठेवायला आहे, शिकवणी घ्यायला नाही. तुमच्यामागे अख्खा गट ताटकळतो.

गुणिले_भागिले
दोघंही सुरक्षेवर अडलात. मला वाटतं नवख्याचा खरा घोळ वेगात होतो, कारण त्याला गुणांकन कळलेलं नसतं. एकूण गुणांना सेकंदांनी भागायचं, आलेला आकडा म्हणजे हिट फॅक्टर. बारा कागदी लक्ष्यं, प्रत्येकी दोन गोळ्या, मायनर (कमी जोराच्या काडतुसांचं) गुणांकन असं धरू. म्हणजे लक्ष्याच्या मधल्या ए झोनला 5, त्याबाहेरच्या सी झोनला 3 आणि कडेच्या डी झोनला 1 गुण.

पहिला सगळ्या चोवीस ए मारतो, 40 सेकंदांत: 120 भागिले 40, म्हणजे 3. दुसरा अठरा ए आणि सहा सी, 27 सेकंदांत: 108 भागिले 27, म्हणजे 4. तिसऱ्याच्या अंगात वारं शिरतं. 24 सेकंद, अठरा ए, चार सी, पण दोन गोळ्या हवेत. हुकलेल्या गोळीचे गुण तर जातातच, वर प्रत्येकी 10 कापतात. 102 वजा 20, 82 भागिले 24, जेमतेम 3.42. सगळ्यात आधी संपवूनही दुसऱ्याच्या खालीच.

टायमरवाला
हे मान्य, पण पहिल्या स्पर्धेत हा हिशेब डोक्यात घेऊन जाऊच नये. सुरुवातीचा इशारा देणाऱ्या टायमरची बीप झाली की शिकलेलं निम्मं विसरायला होतं. ते एकदा अनुभवल्याशिवाय घरच्या सरावात नेमकं काय घोटायचं हेच कळत नाही. तेवढ्यासाठी लवकर जा म्हणतो.

नवखा_नेम
सामानाचं काय? ओपन डिव्हिजनवाल्यांच्या (पिस्तुलात भरपूर बदल चालणारा स्पर्धेचा विभाग) पिस्तुलांवर डॉट साइट (ठिपक्याने नेम दाखवणारी काच), कॉम्पेन्सेटर (झटका कमी करणारा भाग), काय काय असतं...

जुनं_खोड
त्या नादाला लागू नका. प्रॉडक्शन डिव्हिजन धरा: बाजारात मिळतं जवळपास तसंच साधं पिस्तूल, आणि तिथं सगळ्यांना मायनरच, त्यामुळे जोरदार काडतुसांचा प्रश्न निकाली. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर, न वाकणारा पट्टा, जादा मॅगझिन आणि त्यांचे पाउच. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवंच. पैसे उरले तर काडतुसांवर घाला.

टायमरवाला
चला, इथं तरी खोडांशी एकमत!

एक राहिलं. सेफ्टी एरियात (पिस्तूल हाताळायला राखून ठेवलेली जागा) पिस्तूल हाताळता येतं, पण काडतुसाला हात लावायचा नाही, नकली डमीलासुद्धा. भरलेलं मॅगझिन तिथं हातात घेतलं की एकही गोळी न झाडता घरी.

नवखा_नेम
आधी नुसतं बघायला गेलो तर?

जुनं_खोड
जा, आणि लक्ष्यांवरच्या गोळ्यांच्या भोकांना ठिगळं लावायला मदत करा. सी आणि डी कुठे कुठे पडतात ते तिथं दिसतं. नाव त्यापुढच्या स्पर्धेत घाला, माझी हरकत नाही.

टायमरवाला
मी तर म्हणतो ठिगळं लावा आणि नावही त्याच दिवशी घाला.